अर्जनविसाचा अंगठा

माझ्या हुशारीबद्दल घरात फारसं बोललं जात नाही. एखादा पाहुणा आला आणि मी जरा सैल सुटलो, की बायको चहाची कपबशी पुढे सरकवत एवढंच म्हणते, "ते अंगठ्याचं सांगा ना त्याहिले." म्हणून एकदा लिहूनच ठेवतो. निदान सांगण्याचा त्रास वाचेल.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशातून निघून नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. राज्य बदललं, पण तालुक्याच्या कचेरीसमोरचा लिंब तोच होता आणि त्याखाली मीही तोच होतो. एका म्हाताऱ्या अर्जनविसाच्या हाताखाली मी बसत असे. सतरंजी त्यांची, पेटी त्यांची, परवाना त्यांचा; अक्षर तेवढं माझं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून अर्ज मी लिहायचा आणि त्यांनी चाचपडत खाली सही करायची. अशी दहा वर्षं गेली. शेताच्या धुऱ्याचं भांडण असो, तगाईचं कर्ज असो की हरवलेली म्हैस, तालुक्याचं सगळं गाऱ्हाणं माझ्या अक्षरात सरकारदरबारी जाऊन पडलं होतं. माझं नाव मात्र त्यात कुठेच नव्हतं.

अर्ज परवानेवाल्यानं स्वतःच्या हातानं लिहावा, असं त्या परवान्यावरच छापलेलं होतं. तो परवाना मी रोज पेटीतून काढून फडक्यानं पुसत असे. वाचायची वेळ कधी आली नाही.

या कामात डोकं फारसं लागत नाही, हात लागतो. कोणाचाही अर्ज असो, माझा हात आपोआप लिहून जाई : 'अर्जदार अत्यंत गरीब, बालबच्चेदार व निराधार असून मायबाप सरकारशिवाय त्यास कोणी वाली नाही.' हात हे लिहीत असताना तोंडानं मी समोरच्याला कपाशी कशी आहे ते विचारत असे. शेवटी ठरलेली ओळ : 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'. मग त्या माणसाचा अंगठा शाईत दाबायचा, कागदावर नीट फिरवायचा आणि बजावायचं, "हलू नोको बापा. खाडाखोड झाली का अर्ज बाद."

एके दिवशी म्हाताऱ्यानं परवाना कचेरीत जमा केला आणि तो कारंज्याला लेकीकडे कायमचा निघून गेला. पेटी आणि सतरंजी मला दिली. त्या सतरंजीवर बसायला आता परवाना पाहिजे होता, परवान्याला परीक्षा, आणि परीक्षेला सातवी. मी चौथी पास.

"नाहीतर कोनाच्या वावरात निंदाले जातो," मी घरी म्हणालो.

"तुमी?" बायको तिसऱ्या लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. "कपाशी उपटान अन् गवत ठेवान. सायबाले जाऊन भेटा."

तहसीलदार साहेब नवे होते, शांत होते. म्हणाले, "परीक्षा माफ करता येते. पण या कामाचा तुम्हाला जुना अनुभव आहे असं तीन प्रतिष्ठित माणसांनी लिहून द्यायला हवं."

मला हसूच आलं. लिहून देणं म्हणजे काय, माझा रोजचाच धंदा!

पहिला गेलो तो आसेगावकडच्या एका पाटलांकडे. त्यांच्या बैलजोड्याच बारा. अक्षराशी मात्र त्यांचं कधी जमलं नव्हतं.

"मुनशी, तूच लिही," ते म्हणाले. "मी अंगठा ठोकतो."

"वाचून दाखवू का जी?"

"कायले? माह्यं वावर लिहून घेऊन राह्यला का तू?"

दुसरा दाखला एका अडत्याचा. त्याला वेळ नव्हता. तोही मीच लिहिला. तिसरे निवृत्त हेडमास्तर. त्यांना लिहिता येत होतं, पण ते म्हणाले, "माझा हात कापतो रे, तुझं अक्षर वळणदार आहे." तीन दाखले मी एका दुपारी उरकले. इतकं सोपं काम सरकारनं का सांगितलं असेल, असं मनात येऊन गेलं.

आठवड्यानं साहेबांनी बोलावलं. टेबलावर तिन्ही दाखले शेजारी शेजारी मांडले होते.

"हे तिन्ही एकाच अक्षरात कसे?"

"मीच लिहिले, साहेब. सगळ्यांचं मीच लिहितो."

"असं? मग हे पाटलांचं ऐका. 'दाखला लिहून देणार अत्यंत गरीब, बालबच्चेदार व निराधार असून...' दौऱ्यावर मी ज्यांच्या घरी जेवतो, तेच ना हे पाटील?"

मी वाकून पाहिलं. ओळ खरंच तिथे होती. त्यात बाजाराचा दिवस. पाटील स्वतःच्या कामानं कचेरीतच आले होते. शिपायानं त्यांना आत आणलं. साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली.

"मी निराधार?" पाटलांचा फेटा हलला. "काबे मुनशी, बारा जोड्या तुले दिसल्या नाई का? जित्तेपनीच मले उघड्यावर पाडलं!"

"हा माणूस किती वर्षांपासून लिहितो, पाटील?" साहेबांनी विचारलं.

तेव्हा कुठे मला खाली खड्डा दिसला. अनुभव नाही म्हणावं, तर परवाना गेला. आहे म्हणावं, तर दहा वर्षं विनापरवाना लिहिल्याचा कबुलीजबाब झाला. मी पाटलांकडे बघून हळूच मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे आजही मला सांगता येणार नाही.

"धा वर्सं झाले," पाटील अभिमानानं म्हणाले. "म्हाताऱ्याले दिसे कुठी? सही तेवढी त्याची. बाकी सारं ह्याचंच."

"म्हणजे दहा वर्षं बेकायदा."

पाटलांनी फेटा सावरला. "आता मले सांगा साहेब, पोहता येते म्हनाले पान्यात उतराच लागते का नाई? हा उतरला. बुडाला बी नाई, कोनाले बुडवलं बी नाई. मले सोडून."

साहेब हसले नाहीत. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "बसा. झाल्या प्रकाराच्या माफीचा अर्ज लिहा. स्वतःच्या नावानं, इथं माझ्यासमोर. हीच तुमची परीक्षा."

दहा वर्षांत अर्जदाराच्या जागी मी पहिल्यांदाच माझं नाव घातलं. पुढे हात 'अत्यंत गरीब, बालबच्चेदार' इथवर गेला आणि अडला. शेकडो लोकांसाठी ही ओळ लिहिताना कधी काही वाटलं नव्हतं. आज ती अक्षरशः खरी होती, म्हणून लाज वाटली. डोळ्यांपुढे पायावरचं ते लेकरू आलं. मग मान खाली घालून उरलेला अर्ज हातावर सोपवला. हातानं तो शेवटपर्यंत नेला.

साहेबांनी सावकाश वाचला. "मजकूर चोख आहे. एक शब्द जास्त नाही. पण खाली हे काय?"

मी पाहिलं. अर्जाच्या तळाशी, माझ्या नावाखाली, सुरेख वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं : 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा. दस्तुर खुद्द.' म्हणजे मला लिहिता येत नाही, असं मी माझ्याच हातानं लिहून दिलं होतं.

मी घाईनं ते खोडायला टाक उचलला.

"खाडाखोड झाली की अर्ज बाद," साहेब म्हणाले. "असं लिंबाखालून रोज ऐकू येतं मला. लिहिलंय तसंच करा."

शिपायानं शाईची गादी आणली. मी सवयीनं दुसऱ्याचा अंगठा शोधू लागलो. तेवढ्यात पाटलांनी माझं मनगट धरलं. दहा वर्षं मी त्यांचं धरत आलो होतो.

"डावा, मुनशी, डावा," ते मोठ्या मायेनं म्हणाले. "हलू नोको बापा."

मग साहेबांनी माझ्या अर्जावर शेरा मारला : 'अनुभव सिद्ध. परवाना द्यावा.'

ही बातमी घेऊन मी जवळजवळ पळतच घरी आलो. पण मी तोंड उघडायच्या आधी बायकोला माझा अंगठा दिसला. आमच्या भागात काळा अंगठा घेऊन माणूस घरी आला, की बायका आधी वावर शाबूत आहे का ते विचारतात. आम्हाला तर वावरही नव्हतं.

"अजी," तिनं माझा हात धरून विचारलं, "काय लिहून देऊन आले?"

"काई नाई. परवाना भेटला. लिहायचा."

तिनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा अंगठ्याकडे.

"लिहायचा?"