घड्याळजींची अरदास

घड्याळजींच्या मते जगात दोनच गोष्टी वेळेवर होत: त्यांची पहाटेची आंघोळ आणि तिच्यामागोमागचा गुरुवाणीचा पाठ. बाकी सगळा आनंदीआनंद. लोक त्यांच्या दुकानात दुरुस्तीला टाकलेल्या घड्याळाकडे सहा-सहा महिने फिरकत नसत आणि वर विचारत, "अजून झालं नाही?" कळस म्हणजे मेहुणा. "पाच मिनिटांत आलोच" म्हणायचा आणि तासाने उगवायचा. घरात त्याचं नावच 'आलोच' पडलं होतं.

आणि गुरुद्वाऱ्यातल्या अखंड पाठात सकाळी आठची पाळी नेमकी त्याचीच लागावी!

अखंड पाठ म्हणजे ग्रंथसाहिब पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचायचा, दोन दिवस, दोन रात्री, क्षणाचाही खंड न पाडता. पुढच्या वाचकाने शेजारी बसून तीच ओळ सोबत म्हणायची, मगच आधीच्याने उठायचं. घड्याळजींची पाळी सहा ते आठ. साडेनऊला लेकीची बस. दूरच्या शहरात नोकरी, दोन वर्षं तरी परत येणं नाही. निघण्यापूर्वी तिला शेजारी उभं करून, हात जोडून, आपल्या तोंडाने अरदास करायची, तिच्यासाठी मागणं मागायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

समोरच्या भिंतीवर त्यांनीच दुरुस्त केलेलं घड्याळ होतं. आठ वाजले. सव्वाआठ. साडेआठ. उठता येईना, ओरडता येईना, पाठाबाहेरचा एक शब्द काढता येईना. हाकेला धावून येणारे, पाठाची व्यवस्था बघणारे ग्रंथीबाबा तापाने पडलेले. ग्रंथावर चवरी ढाळणाऱ्या आजींना त्यांनी डोळ्यांनी खुणावलं. आजींना वाटलं, भक्तीने डोळे भरून आले. त्या आणखी जोराने चवरी ढाळू लागल्या. घड्याळजींचा आवाज चढत चालला. मन शांत ठेवण्याबद्दलची ओळ त्यांनी दम दिल्यासारखी वाचली.

पावणेनऊला शेजारी कोणीतरी येऊन बसलं. डोक्यावर ओढणी, हात नुकतेच धुतलेले. लेक! तिने ओळ पकडली, चार ओळी दोघांचे आवाज एकत्र चालले आणि घड्याळजी उठले. उठल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बस जिची, तीच आता अडकली होती.

'आलोच' सापडला मागे, लंगरच्या, म्हणजे सगळ्यांच्या जेवणाच्या स्वयंपाकघरात, कोपरापर्यंत साबणात.

"दाजी, एवढा टोप घासतो आणि आलोच."

"घरी स्वतःचा कप विसळत नाहीस, आणि आज बरी सेवा सुचली तुला!"

"सेवा ती सेवाच ना, दाजी."

"तुझी सेवा तिकडे आत आहे! पोरगी बसलीये तुझ्या जागी. बस सुटेल तिची!"

'आलोच'चा चेहरा पडला. हात धुऊन तो पाठाला बसायला धावला, पण घड्याळजींचा पारा काही उतरला नाही. बापलेक धावतपळत स्टँडवर पोचले तेव्हा बायको सामान चढवून दारात उभी होती. तीन मिनिटं उरली होती.

बसच्या सावलीत तिघांनी चपला काढल्या, हात जोडले. घड्याळजींनी गुरूंचं स्मरण केलं, शहिदांचं केलं. मग लेकीसाठी मागितलं: तब्येत, चांगली माणसं, गुरूच्या नावाची सोबत. शेवटी सगळ्यांचं भलं मागायचं असतं. तिथे ते अडकले. सगळ्यांचं म्हणजे त्या गाढवाचंही?

लेकीने एक डोळा उघडला. "मामाचंपण, बाबा."

"हो, हो, त्याचंपण," ते पुटपुटले, आणि वाक्य पुरं केलं.

राग होता तोवर बरं होतं. तो गेला आणि मागे उरली ती दोन वर्षं. लेक पाया पडून चढली तेव्हा ते तिच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. अजून पाच मिनिटं हवी होती, फक्त पाच. पण ती मेली बस अगदी वेळेवर सुटली.