मोटर भरणाऱ्याचे किडे

मी चौथी शिकलो. पुढची चाळीस वर्षं पुण्यात जळालेल्या मोटरी भरल्या, म्हणजे आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळली. मी भरलेली मोटर कधी परत आली नाही. आलीच असेल तर गिऱ्हाइकाने पाण्यात बुडवली म्हणून.

२०१४ साली लेकीकडे परदेशात, टाकानिनीला राहायला आलो. शेजारी एक गोरा म्हातारा, माझ्याच वयाचा, ट्राउट माशाच्या नादाने खुळावलेला. गॅरेजात बसून तो निंफ बांधायचा. निंफ म्हणजे पाण्यातल्या किड्याचं पिल्लू. बारक्या गळावर सशाची लव, पिसाची शेपटी आणि वरून तांब्याची बारीक तार गुंडाळायची. खरा किडा समजून मासा तोंड घालतो. तार बघितली आणि मी तिथंच स्टूल ओढलं.

त्या वर्षी मासे धरायचा सीझन तोंडावर आला आणि म्हाताऱ्याचे हात थरथरायला लागले. तार सुटायची, लव उडायची. दुकानात तयार निंफ मिळतात, पण तोंडही न बघितलेल्या माणसाने बांधलेला किडा तो नदीत टाकणार नव्हता. हात चालले नाहीत तर गळाची रॉड विकून टाकतो, असं त्याने माझ्या लेकीला सांगितलं. मी म्हटलं, त्याला सांग, मी बांधतो.

"बाबा, तुम्हाला काय येतंय त्यातलं?"

"तार येते."

डझनभर बांधले. वेढे मोजून, एकाला एक चिकटून, लव दाबून बसवलेली, वर वार्निशचा हात. बारा जुळे भाऊच. म्हातारा दोन दिवस लांब तुरांगी गावच्या नदीवर जाऊन आला. मासा नाही. मी म्हटलं, नदीत मासेच नसतील. त्याने फोनमधला फोटो दाखवला. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाने तीन धरले होते.

मग माझा एक निंफ बोटावर घेऊन त्याने बराच वेळ बघितला आणि काहीतरी बोलला. मी लेकीला म्हटलं, काय म्हणतोय ते सांग.

"म्हणतोय, सुंदर आहे. पण मेलेला आहे."

आणि माझ्या देखत सुईने माझी लव उसकटली. मी उठून घरी आलो. आठ दिवस त्या गॅरेजकडे फिरकलो नाही. लेक म्हणाली, "बाबा, मासा काय तुमचं वाइंडिंग तपासायला येतोय का?" मग तिच्याशीही बोललो नाही, चहापुरतं सोडून.

नवव्या दिवशी सकाळी त्याची गाडी आमच्या दारात. हॉर्न नाही, हाक नाही, नुसता बसून. तोही हट्टीच. शेवटी मीच जाकीट घालून शेजारी जाऊन बसलो. साडेतीन तास गाडी चालली. नदीवर त्याने गुडघाभर पाण्यातून एक दगड उचलला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. दगडाच्या पोटाला किडे. एकाचे पाय वळवळतायत, एकाच्या अंगावर झिपऱ्या, एकाचं पोट सुजलेलं. दोन सारखे नाहीत. मी चष्मा पुसून परत बघितलं. मग म्हटलं, "ओके." माझं इंग्रजी तेवढंच.

घरी येऊन बांधायला बसलो. घट्ट काम सोपं. ढिलं दिसणारं पण न सुटणारं काम जमायला मला तीन आठवडे लागले. हात आपोआप आवळायचा. वेढे मोजायचं बंद केलं. वार्निशची बाटली लेकीकडे ठेवायला दिली, दारू सोडणारा देतो तशी. सहा निंफ झाले. असलं गबाळं काम माझ्या दुकानात कुणी केलं असतं तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

या खेपेला मी काठावर उभा राहिलो. दुसऱ्याच फेकीला दोरी ताणली. म्हाताऱ्याचा हात थरथरत होता, रॉडही थरथरत होती, कोण कुणामुळे ते कळेना. मासा हातभर लांब, अंगावर गुलाबी पट्टा, जबड्याच्या कोपऱ्यात माझा निंफ. त्याने गळ काढला आणि मासा परत पाण्यात सोडून दिला. एवढ्या मेहनतीचा मासा सोडतोस होय रे, असं मी मराठीतच विचारलं. तो हसत बसला.

रॉड विकायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. गाडीत बसताना दोन्ही पंजे उघडून दाखवले, म्हणजे अजून दहा बांध. मी आठ बोटं दाखवली. घाईत काम बिघडतं.