पूजेत अडकलेले बाण

इंग्लंडमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे, पण शिकारीच्या बाणांची पाती बनवायला नाही. कॉव्हेंट्रीच्या टोकाला एका शेडमध्ये ती बनत आणि अमेरिकेला जात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिथे मी ती पाती तपासण्याचं काम करत असे. नवरा हॉस्पिटलात डॉक्टर. मी दिवसभर क्वार्टर्समध्ये भिंती बघून विटले, म्हणून हॉस्पिटलच्या स्पोर्ट्स क्लबात तिरंदाजी शिकले आणि हात चांगला बसला. शेडच्या मालकाने मला तिथेच पाहिलं.

काम सांगायला सोपं होतं. आधी साध्या टोकाचे बाण मारायचे, मग त्याच जागेवरून रुंद पात्यांचे. दोन्ही फोमच्या टार्गेटवर एकाच ठिकाणी लागले तर पातं पास. पण हे पातं घट्ट बसवलेलं, न मिटणारं; बाणाच्या तोंडाशीच पंख लावल्यासारखं. ते केसभर तिरकं बसलं तरी बाण भरकटतो. म्हणून आधी प्रत्येक बाण टोकावर उभा करून भिंगरीसारखा फिरवायचा आणि थरथरला की बाजूला टाकायचा. शेडमध्ये मशीनच्या हादऱ्यांमुळे ती थरथर कळत नसे. त्यामुळे मी बाण घरी आणून जेवणाच्या टेबलावर फिरवायची.

त्या वर्षी अमेरिकेहून एक खरेदीदार यायचा होता. त्याला नवं पातं पसंत पडलं तर मला कायमची नोकरी देणार, असं मालकाने सांगितलं होतं. डॉक्टरांची मिसेस यापलीकडे त्या गावात मला काही नाव नव्हतं. ती नोकरी मला फार हवी होती. आठवडाभर बाण फिरवून मी उत्तम तेवढे निवडले आणि नळीत घालून दाराशी ठेवले.

खरेदीदार नेमका खंडेनवमीला आला. मी आंघोळ करून खाली आले तर नळी रिकामी. नवऱ्याने पाटावर लाल कापड घालून आपला स्टेथॉस्कोप, गाडीची किल्ली आणि माझे सगळे बाण मांडले होते. हळदकुंकू, फुलं, सगळं झालेलं. चेहऱ्यावर इतकं कौतुक, की मला आधी रागावताच येईना.

"अहो, हे मला आज हवेत. आजच टेस्ट आहे."

"आज शस्त्रं उचलायची नसतात, माहीत नाही का तुला? मीसुद्धा आज ऑफ घेतलाय. आणि संध्याकाळी मंडळी यायची आहेत, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, खरेखुरे बाण आहेत म्हणून."

"अहो, माझी नोकरी आहे ती!"

"दुसरे बाण असतील की शेडमध्ये. सणाच्या दिवशी तमाशा नको."

पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. मी तशीच बस पकडली.

शेडमध्ये बाण होते, पण न फिरवलेले. साधी टोकं टार्गेटच्या मधोमध एकमेकांना चिकटून बसली. मग मी पाती मारली. एक वर, एक डावीकडे, एक तर फोम सोडून मागच्या फळीत घुसलं. खरेदीदाराने ते उपटायलाही सांगितलं नाही, कोट घातला आणि गेला. चांगले बाण कुठे आहेत, असं मालकाने विचारलं. घरी देवापुढे आहेत, हे मी त्याला काय समजावणार होते? विसरले म्हणाले. तो म्हणाला, आता टेस्टिंगची गरज पडणार नाही.

संध्याकाळी घरी आले. पाटावर बाण जसेच्या तसे होते. त्यांच्या शेजारी स्टेथॉस्कोपची जागा मात्र रिकामी, भोवती नुसत्या अक्षता. थोड्या वेळाने नवरा आला, स्टेथॉस्कोप गळ्यात. दुपारी वॉर्डातून फोन आला होता.

"तुम्ही उचललात?"

"अगं, पेशंट थांबतो का? ते काम आहे."

मग मंडळी आली, बाण बघून वा वा करून गेली. त्यांना चहा मीच दिला.

तेव्हा मी त्याला अहो म्हणायची. आता लिहिताना एकेरीच येतं, आणि ते मी बदलणार नाही.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला त्याने पाट मांडला आणि हाक मारली, "तुझं काय ठेवायचं गं?" मी स्वयंपाकघरातली सुरी नेऊन ठेवली. त्याने तिला हळदकुंकू वाहिलं. तासाभराने मी ती त्याच्यासमोर पाटावरून उचलली, नळाखाली धुतली आणि कांदा चिरायला घेतला. तो जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसला. त्याला भूक लागली होती.