आबांच्या दोन फळ्या

आबा विरकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीला कृष्णेच्या घाटावर. सगळा घाट पोहत होता आणि हे एकटे कोरडे. भिंतीला टेकवलेल्या दोन लाकडी फळ्यांसमोर उकिडवे बसून ते एकदा हिच्याकडं आणि एकदा तिच्याकडं बघत होते. मुलगी बघायला आलेली वरपक्षाची मंडळीसुद्धा इतकी निरखून बघत नाहीत. मी कॉलेजात शिकवायला नुकताच लागलो होतो. विचारलं, "काय शोधताय?"

"फरक," ते म्हणाले.

आबा मूळचे माण तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. "आमच्याकडं प्यायला पानी न्हाई, पवायला कुठलं? नेव्हीनं पानी दावलं," असं सांगायचे. नोकरीत असताना कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी पोरांना फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येताना पाहिलं आणि ते दृश्य डोक्यात घेऊनच ते निवृत्त झाले. मग कुपवाडच्या एका कारखान्यात फोरमन म्हणून लागले. सांगलीत समुद्र नाही, पण बंधाऱ्याच्या खाली, खडकांमधून पाणी निसटतं तिथं, कोयनेचं पाणी सोडलं की एक लाट उभी राहते. ती पुढं सरकत नाही, जागच्या जागी उसळत राहते. आबांना तेवढी पुरे होती.

त्यांनी सुताराकडून हलक्या पांगाऱ्याच्या दोन फळ्या करून घेतल्या. एक चपळ, एक भरवशाची. त्यातली रोजच्या वापराला कुठली ते नंतर ठरवायचं. पण चपळ फार चपळ नको आणि भरवशाची फार जड नको, असं सुताराला रोज जाऊन सांगता सांगता दोन्ही फळ्या एकाच मापावर आल्या. एकीची शेपटी बोटभर रुंद राहिली, दुसरीची चोच किंचित वर. बाकी जुळ्या बहिणी.

"वस्तू एकदाच घ्यायची आसती, प्रोफेसर," आबा मला समजावत. "म्हून इचार लय येळा करायचा." हा विचार त्यांना चपला घेतानाही पडे आणि वांगी घेतानाही. त्यांच्या बायको, हौसाबाई, एकदा चहा देताना मला म्हणाल्या, "बरं झालं मला भैन न्हवती. न्हाईतर ह्यांचा बघायचा कार्यक्रम आजून चालला आस्ता."

आबा फळ्या सायकलला बांधून रोज घाटावर आणत, दोन्ही पाण्याच्या कडेला ठेवत आणि विचार करून परत नेत. घाटाला एवढा विषय पुरला. रोज घाटावर येऊन बसणाऱ्या वकीलसाहेबांनी वर उचललेल्या चोचीची बाजू घेतली, निवृत्त हेडसरांनी रुंद शेपटीची. वकीलसाहेब म्हणत, "चोच वर नसेल तर फळी पाण्यात खुपसेल, हे शेंबडं पोरही सांगेल." हेडसर म्हणत, "मागे आधार नसलेली वस्तू कधी उभी राहिली आहे का?" दोघेही गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलेले नव्हते. हळूहळू माणसं वाटली गेली. चोचवाले वरच्या पायरीवर बसू लागले, शेपटीवाले खालच्या. कपडे धुणाऱ्या बायकांनाही कुणी तरी विचारलं, की तुम्ही कुठल्या बाजूच्या.

अशात श्रावणात पाणी चढलं. त्या सकाळी खालच्या दोन पायऱ्या बुडाल्या होत्या. वकीलसाहेब हेडसरांना चोचीचं महत्त्व पटवत, हात वर करून, पाण्याकडं पाठ ठेवून एकेक पायरी खाली सरकत होते. शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय गेला आणि वाक्य अर्धंच राहिलं. बघता बघता प्रवाहानं त्यांना घाटापासून दूर ओढलं. डोकं एकदा दिसलं, मग नुसता हात. वरच्या पायरीवरचे ओरडू लागले, खालचेही ओरडू लागले. पाण्यात कुणी उतरलं नाही.

आबा उठले. हाताला लागली ती फळी उचलली, छातीखाली घेतली आणि पाण्यात अंग झोकून दिलं. मी पायरीवर उभा होतो. आबा सरळ वकीलसाहेबांकडं गेले नाहीत. प्रवाहाबरोबर तिरके उतरत गेले आणि पुढं जाऊन त्यांना गाठलं. वकीलसाहेबांनी आधी त्यांच्या गळ्यालाच मिठी मारली, तेव्हा दोघंही दिसेनासे झाले. मग फळी वर आली, तिच्यावर आडवे पडलेले वकीलसाहेब वर आले, आणि मागून ढकलणारे आबा. खालच्या वळणावर कोळ्यांनी दोघांना काठावर ओढलं. हातातून सुटलेली फळी तेवढी वाहत गेली.

पोटातलं पाणी काढल्यावर वकीलसाहेबांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "आबा, कुठली फळी होती?"

"आवं, तुमी बुडत हुता," आबा धापा टाकत म्हणाले. "म्या फळीकडं बघू का तुमच्याकडं?"

आता उरलेली फळी बघून उलगडा होईल म्हणून सगळे घाटावर धावले. हेडसरांनी फळी उभी केली, आडवी केली, वीत लावून पाहिली. शेपटी रुंद दिसत होती, पण कशापेक्षा रुंद? चोचही वर होती, पण कशाहून वर? दुसरी शेजारी नसल्यावर महिनोन्महिने भांडलेल्यांपैकी कुणालाच काही सांगता येईना.

दुसऱ्या आठवड्यात पाणी ओसरलं, खडकांमधली लाट पुन्हा दिसू लागली, आणि आबा फळी घेऊन तिच्यावर गेले. पडले. पुन्हा गेले, पुन्हा पडले. नाकातोंडात पाणी गेलं, गुडघा फुटला. पण रोज जात राहिले, आणि एका सकाळी लाटेवर गुडघे वाकवून, हात पसरून चक्क उभे राहिले. माणातला तो धनगर कृष्णेवर उभा होता आणि खालून नदी पळत होती. मी टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेब आणि हेडसर आले होते, पण त्यांचं लक्ष लागत नव्हतं. वाद संपल्यापासून घाटाला मरगळ आली होती.

शेवटी दोघांनी मिळून सुतारालाच घाटावर बोलावून घेतलं. कुठली गेली ते त्यालाही सांगता येईना, पण उरलेलीच्या जोडीला दुसरी करून द्यायला तो तयार होता.

"घ्या करून आबा," वकीलसाहेब म्हणाले. "तुलनेला काही तरी हवं."

आबांनी ओला चेहरा पुसला, सुताराच्या खांद्यावर हात ठेवला.

"नगं गड्या," ते म्हणाले. "आता कुठं पान्यात जायाला येळ मिळतुया." आणि फळी बगलेत मारून खडकांकडं चालू लागले.