मृदंगवाल्या काकांची बातमी

तंजावरातल्या आमच्या हौशी वाद्यवृंदाचे निरोप मीच ग्रुपवर टाकत असे, तेही तमिळमध्ये. घरी मराठी बोलणाऱ्या आमच्यातल्या फार थोड्यांना देवनागरी वाचता येते. एका सकाळी लिहिले, ‘आपले मृदंगवाले काका गेले. चारला अंत्यविधी. आजची तालीम रद्द.’ भराभर अंगठे उमटले. मग व्हायोलिनवाल्या अक्कांनी विचारले, ‘रविवारी देवळातला कार्यक्रम आहे ना? माझा भाचा मृदंग वाजवतो.’

मला किळस आली. काका तिरुवैयारुहून मोपेडवर येऊन याच अक्कांना ताल समजावत. अंत्यविधीला वृंदातले आम्ही दोघेच होतो, मी आणि बासरीवाला.

घरी येऊन फोन केला. “अक्का, कार्यक्रम रद्द. यापुढचे निरोप तुम्हीच टाका.”

“बरं,” त्या म्हणाल्या, “पण रविवारी सगळ्यांनी नेसायच्या साडीचा रंग कुठला ठरला होता?”

मी फोन ठेवला.