ऑरिनकाकांच्या ट्रकचं तापलेलं तेल

ऑरिनकाकांना घाबरलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. त्यामुळे ऑगस्टात, भर कापणीच्या दिवसांत, ते टोपी हातात धरून माझ्या गॅरेजच्या दारात उभे राहिले तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलंच.

"मार्ला, घाटात तेल तापतंय गं," ते म्हणाले. "दोनशे पासष्ट फॅरनहाइट."

"आणि पाणी?"

"पाणी जागेवर. एकटं तेलच चढतंय. तेही उतरताना."

ऑरिन टोलफसन माझ्या वडिलांचे दोस्त. वय चौऱ्याहत्तर. आमच्या पठारावरचा गहू खाली लुइस्टनच्या नदीबंदरात पोचवायचा, हे काम ते पन्नास वर्षं करत होते, त्यातली अडतीस याच एका ट्रकमधून. कापणीत दिवसाला चार खेपा. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायची आमच्याकडची रीत आहे, आणि समोरचा कोण, त्याच्या जनावरांचं कसं चाललंय, बायकोचं गुडघ्याचं दुखणं कुठवर आलं, हे काका बोट उचलता उचलता सांगायचे. वडील म्हणायचे, वर्तमानपत्र कशाला घ्यायचं, ऑरिनच्या शेजारी बसावं.

आता घाटाचं सांगते. सात मैलांत दोन हजार फूट खाली. चाळीस टनांचा ट्रक तिथं इंजिनच्या जोरावर थोपवायचा असतो, चाकांचे ब्रेक नुसते मदतीला. इंजिन अडकून बंद पडलं तर ब्रेक दोन मैलांत जळतात, आणि मग सुटलेल्या ट्रकांसाठी केलेल्या खडीच्या चढापर्यंत पोचलात तर पोचलात. त्याच रस्त्यावर शाळेची बस असते. माझा भाऊही त्याच रस्त्यानं कामाला जातो.

आणि उतरताना तेल तापणं हेच मुळात उलटं होतं. उतारावर इंजिन ट्रकला थोपवतं, पण डिझेल जवळजवळ जळत नाही, तेल गार पडायला हवं. तरी तापतंय म्हणजे आत कुठेतरी बेअरिंग घासतंय, याशिवाय मला दुसरं काही सुचेना.

"काका, ट्रक इथंच सोडा," मी म्हटलं.

"सोडतो. ज्या गाडीची भीती वाटते ती मी चालवत नाही."

मी सगळं केलं. तेलाची पातळी पाहिली, बरोबर. रेडिएटरच्या जाळीत बोटभर भुसा अडकला होता, तो हवेनं उडवला. तेलाचा कूलर काढून धुतला. तेलाचा फिल्टर कापून पाहिला. धातूचा एक कण नाही. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तिथूनही निरोप आला, इंजिन ठणठणीत. तापमान कळवणारा सेन्सर नवा बसवला. मग तासभर इंजिन चालू ठेवून तळाच्या तेलाच्या टाकीवर तापमापकाची बंदूक रोखली. बंदूक आणि डॅशबोर्डवरचा काटा, दोघांचं एकमत.

काकांनी ट्रक नेला. दुसऱ्या दिवशी परत हजर.

"दोनशे सत्तर."

"अहो, इथं तर दोनशे वीसच्या वर जात नाही!"

"मग मी खोटं बोलतोय का?" पन्नास वर्षांत ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. नंतर हळूच म्हणाले, "मार्ला, रात्री झोप नाही लागत. डोळा लागला की तो काटाच दिसतो."

माझीही तीच गत होती. आमच्या धंद्यातली एक खोड आहे: गाडी बिघडली की आम्ही बॉनेट उघडतो. चालवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसत नाही, कापणीत तर नाहीच, कारण दारात बिघडलेल्या यंत्रांची रांग असते. ते शेजारी बसणंच मी आधी करायला हवं होतं. नाही केलं, आणि ते अजून खुपतं.

काका तिसऱ्यांदा तेच सांगत आले तेव्हा मी हात पुसले आणि म्हटलं, "गहू भरा. मी येते बरोबर."

"घाटात?"

"नाही, नाचायला. चला."

दुपारचे साडेबारा. आभाळ लख्ख, ऊन डोळ्यांत घुसतंय. पठारावर काटा दोनशे वीसवर निवांत. समोरून गाड्या येत होत्या, काका बोट उचलत होते, पण नावं घेत नव्हते. मला वाटलं, भीतीनं.

घाटाचा माथा आला. काकांनी खालचा गिअर टाकला, इंजिन गुरगुरायला लागलं. मग सवयीनं त्यांचा उजवा अंगठा डॅशबोर्डकडं गेला आणि त्यांनी एक बटण पिळलं. काटा टुणकन दोनशे पासष्टवर.

माझं डोकं लगेच चाललं. एवढं चाळीस लिटर तेल पापणी लवेपर्यंत तापत नाही. मी हात पुढं करून ते बटण उलटं पिळलं. काटा दोनशे वीस. पुन्हा पिळलं, दोनशे पासष्ट.

"काका!" मी हसतच सुटले. "अहो, हे काट्यांमागचे दिवे! दिव्यांची आणि काट्यांची अर्थिंगची तार एकच आहे, ती गंजलीय. दिवे पूर्ण लावले की काटा वेडा होतो. इंजिनाला काही झालेलं नाही, घोड्यासारखं आहे! दहा मिनिटांचं काम आहे, घासून देते."

काका हसले नाहीत.

"बरं," ते म्हणाले. "आता दिवे लाव परत. काटे दिसत नाहीत."

मी बाहेर पाहिलं. डॅशबोर्डवर एवढं ऊन पडलं होतं की काचेवरची धूळही मोजता आली असती.

तेवढ्यात त्यांनी बोट उचललं. रामराम केला. रस्त्याच्या कडेला डांबर पसरायचं नारिंगी यंत्र उभं होतं. त्यात कुणी नव्हतं.

यंत्राच्या पुढं वळण होतं, आणि वळणावर थांबा लिहिलेली पाटी हातात धरून एक बाई उभी होती. पिवळं जाकीट, भर रस्त्यात. तिच्या मागं एका ओळीत थांबलेल्या गाड्या. काकांचा वेग जराही कमी झाला नाही.

"काका, समोर काय आहे?"

"वळण. डावीकडं."

"वळणावर?"

ते स्टिअरिंग डावीकडं वळवायच्या तयारीत. मला वाटलं, आता दिसेल, आता दिसेल. बाईनं पाटी हलवायला सुरुवात केली.

"काका, ब्रेक! बाई आहे! ब्रेक!"

त्यांनी विचारलं नाही, कुठं म्हणून. सगळं वजन पायावर टाकलं. ट्रक किंचाळला, चाकांतून धूर आला, मागचा गहू आमच्या पाठीवर येऊन आदळतोय असं वाटलं. थांबलो तेव्हा ती बाई खड्ड्यात उडी मारून उभी होती, आणि पाटी आमच्या बंपरपासून हातभर अंतरावर पडली होती. मी खाली उतरून तिची माफी मागितली. तिनं मला ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या रास्त होत्या.

वर येऊन पाहिलं तर काकांनी इंजिन बंद केलं होतं.

"मधलं दिसत नाही," ते म्हणाले. "कडेकडेचं दिसतं. मधोमध डाग पडलाय. भरपूर उजेड असला की काटे जरा कळतात."

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून."

"घरी बर्निसकाकूंना सांगितलंत?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या अक्षरांच्या तक्त्याची ओळ पाठ होती मला. रस्ताही पाठ आहे. रस्ता कुठं बदलतो?" मग त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले. "इंजिनच गेलं असतं तर बरं झालं असतं गं. घरी सांगायला सोपं होतं."

मला रडू फुटलं. आठवडाभर मी त्या इंजिनासाठी देवाला साकडं घालत होते, आणि हा माणूस माझ्या शेजारी बसून नेमकं उलटं मागत होता.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. काका दार उघडून उतरले, एक हात बॉनेटवरून सरकवत पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. "सरक," म्हणाले. मी चालकाच्या जागेवर सरकले. भरलेला ट्रक या घाटातून मी अकरा वर्षांत उतरवला नव्हता.

"गिअर चौथा ठेव," ते म्हणाले. "पुढचं वळण उतरतं जास्त. ब्रेक दाबून धरू नकोस, दाबायचा आणि सोडायचा." प्रत्येक वळण त्यांनी यायच्या आधी सांगितलं. एकही चुकलं नाही.

बंदरात धान्याच्या कोठारापुढं गाड्या लागल्या होत्या. मी शेवटच्या गाडीमागं थांबले. काकांनी काचेकडं तोंड केलं.

"मार्ला," त्यांनी विचारलं, "आपल्या पुढं कोण आहे?"