नानासोचं टचिंग

कोरेगावच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आणि नानासोचा फोटो स्टुडिओ एकाच भिंतीला टेकून उभे आहेत. त्यामुळे नानासोबद्दल बोलायचा हक्क मला आहे आणि तो मी मनसोक्त वापरतो. हा माणूस तीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. पण त्याचं खरं काम फोटो काढून झाल्यावर सुरू होतं. त्याला तो टचिंग म्हणतो. नवरीच्या गालावरचे फोड घालवायचे, सासऱ्याच्या टकलावर चार केस आणायचे, ग्रुप फोटोत कुणी डोळे मिटले असतील तर ते उघडायचे. मिटलेले डोळे उघडण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत माझे डोळे त्यानंच उघडलेत.

पुढं घरोघरी मोबाईल आले आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोपुरतीच माणसं उरली. अशात साताऱ्याच्या डॉक्टर पृथ्वीराजांचा निरोप आला. हे प्लास्टिक सर्जन. भाजून आखडलेली कातडी, कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडलेली बोटं, असलं सगळं नीट करणारा तरुण माणूस. पण आमच्याकडं लोकांना वाटायचं, हे अंगात प्लास्टिक बसवतात. त्यामुळं त्यांना आपलं काम इन्स्टाग्रामवर दाखवायचं होतं. पेशंटची लेखी परवानगी घ्यायची आणि ऑपरेशनच्या आधीचा नि नंतरचा फोटो शेजारी-शेजारी ठेवायचा. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी नानासोला बजावलं होतं की उजेड तोच, अंतर तेच आणि काढलेल्या फोटोला हात लावायचा नाही.

नानासोनं मान डोलावली. पण तीस वर्षांची सवय अशी मान डोलावून जाते होय? मानेला भाजलेल्या एका बाईंचा नंतरचा फोटो करताना त्याला मानेवर लालसर रेघ दिसली आणि हात आपसूक माउसवर गेला. रेघ गेली, मान सायीसारखी झाली. डॉक्टर त्या आठवड्यात परिषदेसाठी परगावी होते. दवाखान्याच्या रिसेप्शनवरच्या संयोगितानं तो फोटो तसाच इन्स्टाग्रामवर टाकला. दोन दिवसांत लाखभर लोकांनी पाहिला. नानासो मला आकडा दाखवत दुकानाभोवती मिरवत होता. मीही त्याला चहा पाजला, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी नानासो दवाखान्यात असतानाच माण तालुक्यातून हरणाबाई आल्या. मेंढपाळाचं घर. बरोबर एकोणीस वर्षांची लेक, प्रांजल. लहानपणी चुलीवरचं आधण अंगावर सांडलेलं. मानेची डावी बाजू आखडून हनुवटी खांद्याकडं ओढलेली. कुणी हाक मारली तर पोरगी सगळं अंग वळवून बघायची. कॉलेजला जायला तिला गाडी शिकायची होती, पण मागचं दिसायचं नाही. हरणाबाईंनी संयोगितापुढं मोबाईल धरला, त्यावर नानासोनं केलेली ती मान होती. लेकीची मान अशीच करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. गुरुवारी डॉक्टर परत आले की तपासून ऑपरेशन ठरणार होतं.

नानासो त्या दिवशी माझ्या दुकानात आला तो स्टुलावर बसलाच नाही. मला सगळं सांगितलं. मी आधी त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. काम जाईल ही भीती त्याला होतीच, नाही असं नाही. पण तेवढंच नव्हतं.

"गड्या, ती पोरगी टेबलावर झोपायची ती म्या माउसनं केलेल्या मानंसाठी," तो म्हणाला. "डाक्टरला तसली मान कुठनं जमणार?"

गुरुवारी मीच त्याला गाडीवर मागं बसवून साताऱ्याला नेलं. वाटेत दोनदा त्यानं गाडी थांबवायला लावली, दोन्ही वेळा मी ऐकलं नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. तो फोटो त्यांनी तिथल्या तिथं इन्स्टाग्रामवरनं काढून टाकायला लावला, त्या बाईंचा खरा फोटो मागवून घेतला आणि मायलेकींना आत बोलावलं. मग नानासोकडं बघून म्हणाले, तुम्हीच सांगा. नानासोनं सांगितलं. हात जोडले आणि रेघेचा खरा फोटो समोर धरला. हरणाबाई बघतच राहिल्या. म्हणजे डाग राहणार का, असं त्यांनी हळूच विचारलं. डॉक्टर म्हणाले, डाग फिका होईल, पण पुसला जाणार नाही. मान मात्र बऱ्यापैकी वळेल, व्यायाम केला तर आणखी. मला वाटलं, आता या उठून एसटी स्टँडकडं चालायला लागणार.

प्रांजलनं खुर्ची पुढं ओढली आणि फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला.

"आई, मी आज ऑपरेशनला न्हाई म्हणणार हुते," ती म्हणाली. "त्या फोटूला फिल्टर लावलाय, ह्ये मला पयल्या दिशीच कळलं हुतं. मग मान सरळ झालीया तीबी खोटीच वाटायची. आता रेघ खरी हाय, तर मानबी खरी असंल. रेघ राहू द्या."

सुटलो रे बाबा, असं मी मनात म्हणालो, आणि तेव्हा कळलं की सकाळपासून मीही धास्तावलेलोच होतो. डॉक्टरांनी त्याच दुपारी खरा फोटो टाकला आणि खाली लिहिलं की आधीचा फोटो बदललेला होता, चूक आमची. त्याला जेमतेम चारशे लोकांनी पाहिलं. नानासोचं काम टिकलं, फक्त फोटोचा कॉम्प्युटर संयोगिताकडं गेला.

ऑपरेशननंतर चार महिन्यांनी प्रांजल दवाखान्यात फोटोसाठी आली, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. नानासोनं तिला समोर बघायला सांगितलं, उजेड लावला, अंतर मोजलं. तेवढ्यात उजवीकडच्या दारातून हरणाबाईंनी हाक मारली, आणि पोरीनं बघितलं. अंग जागच्या जागी, नुसती मान वळली. त्याच क्षणी नानासोकडून बटण दाबलं गेलं.

फोटो हलला. डॉक्टरांसाठी त्यानं दुसरा काढला, स्थिर, रेघेसकट. हललेला मात्र मोठा करून, फ्रेम घालून हरणाबाईंना दिला. त्यात प्रांजलचं नाक धड दिसत नाही आणि डोळे मिटलेत. नानासोनं ते उघडले नाहीत.